स्टँडपर्यंत सोडून या

आमच्या मॅडमचं टेबलाशी हाडवैर होतं. लॉ कॉलेजच्या विधी सहाय्य केंद्राची जबाबदारी त्यांच्याकडे आली, त्या पहिल्याच शनिवारी त्यांनी तिथलं एकुलतं एक टेबल आमच्याकडून उचलून भिंतीला लावून घेतलं, त्यावर पाण्याचा माठ ठेवला आणि हात झटकत म्हणाल्या, "चला, बिचारं कामाला तरी आलं." हात असलेली खुर्ची तिथे एकच होती, ती अशिलाची. मॅडम स्वतः प्लास्टिकच्या स्टुलावर बसायच्या, आणि आम्ही भावी वकील मंडळी जागा मिळेल तिथे.

केंद्र म्हणजे नाशिकरोडहून एकलहऱ्याकडे जाणाऱ्या रस्त्यालगतच्या एका वस्तीचं समाजमंदिर. रविवारी सकाळी तिथे बुद्धवंदना व्हायची, रोज संध्याकाळी मुलांची अभ्यासिका भरायची आणि शनिवारी दुपारी आम्ही. वकील परवडत नाही अशी माणसं यायची, आम्ही त्यांचं ऐकून घ्यायचं, समजावून सांगायचं आणि प्रकरण कोर्टात जाण्यासारखं असेल तर पुढे मॅडम बघायच्या. त्या कॉलेजच्या पगारी प्राध्यापक नव्हत्या. जिल्हा कोर्टात त्यांची स्वतःची वकिली होती, आणि शनिवारचं हे काम त्यांनी हौसेने अंगावर घेतलं होतं.

आम्ही शेवटच्या वर्षाला होतो. कलमं पाठ होती. मूट कोर्टात आमच्याच सरांना न्यायाधीश मानून 'माय लॉर्ड, माय लॉर्ड' करून झालं होतं. पण समोर खरा माणूस येऊन बसला की काय करायचं, याची कुणाला काडीची कल्पना नव्हती. आणि ही कल्पना नाही, याचीही कल्पना नव्हती. मॅडम आम्हा सगळ्यांना, मुलामुलींना सरसकट, 'वकीलसाहेब' म्हणायच्या. सुरुवातीला आमच्या अंगावर मूठभर मांस चढलं. त्या शब्दात काय काय भरलेलं आहे ते पुढे हळूहळू कळत गेलं.

उंच, सडसडीत बाई. साडीखाली पळायला जातात तसले बूट. काळा कोट अंगावर क्वचित, बहुतेक वेळा कापडी पिशवीत, भाजीच्या शेजारी. एकदा कोर्टात उलटतपासणीला उभ्या राहिल्या तेव्हा कोटाच्या खांद्यावर कोथिंबिरीची काडी होती आणि समोरच्या साक्षीदाराची नजर तिच्यावरून हलेना. तो गडबडला, नको ते बोलून गेला. वकीलमंडळींत तेव्हापासून असं बोललं जायचं की बाईंनी ती काडी मुद्दाम लावली होती. मॅडमनी हे कधी मान्य केलं नाही आणि नाकारलंही नाही.

त्यांचा पहिला धडा मी जन्मात विसरणार नाही. त्या म्हणाल्या, "मी अशील. तुम्ही वकील. बोलवा मला आत." आणि दाराबाहेर जाऊन उभ्या राहिल्या. पंकज पुढे झाला. हा आमच्यातला सगळ्यात हुशार मुलगा, सिन्नरहून रोज एसटीने यायचा. मूट कोर्टाचा कप त्याच्याच नावावर होता. मॅडम पदराने घाम पुसत आत आल्या, खुर्चीच्या कडेवर टेकल्या, आणि पंकजने वही उघडून विचारलं, "बोला, काय प्रॉब्लेम आहे?"

मॅडम म्हणाल्या, "काय नाय साहेब. सहज आले व्हते." आणि उठून चालू लागल्या.

आम्हाला वाटलं परत येतील. त्या स्टँडवर गेल्या, रिक्षात बसल्या आणि इंदिरानगरला आपल्या घरी निघून गेल्या. धडा संपला. पुढच्या शनिवारी आल्यावर एवढंच म्हणाल्या, "अशील असंच जातं, वकीलसाहेब. भांडून नाही जात."

अशिलाचं सोंग घ्यावं तर मॅडमनीच. कधी ऐकू न येणारे म्हातारे व्हायच्या, कधी सारखी रडणारी बाई, कधी इतक्या सफाईने खोटं बोलायच्या की आम्ही त्यांच्या बाजूने तावातावाने अर्ज तयार करायला लागायचो. मग मध्येच स्वतःच्या आवाजात म्हणायच्या, "तुम्ही ऐकत नाही आहात. मी बोलतेय आणि तुमचे डोळे कलम शोधताहेत."

दुसरी पद्धत भाजीची. मॅडम येताना बाजारातून मेथीच्या जुड्या आणायच्या, हंगाम असेल तर मटार, नाहीतर गवार. समाजमंदिरात कागद अंथरून त्यावर ढीग घालायच्या आणि सगळ्यांना निवडायला बसवायच्या, आलेल्या माणसांसकट. त्यांचं म्हणणं असं, की हात रिकामे असले की माणूस ते कुठे ठेवू या काळजीत असतो आणि वकिलाच्या तोंडाकडे बघून बघून त्याचं तोंड बंद होतं. हाताला काम दिलं की जीभ आपोआप सुटते. हे खरंच होतं. भाडेकरूचं भांडण घेऊन आलेला तणतणता माणूस अर्धी जुडी निवडून होईपर्यंत शांत व्हायचा. मात्र आमच्यातल्या चहाटळ पोरांचा संशय वेगळाच होता. मॅडमना घरी भाजी निवडायचा कंटाळा आहे, हे अध्यापनशास्त्र वगैरे त्यातून निघालेलं आहे, असं त्यांचं ठाम मत होतं. मॅडमचे यजमान शाळेत गणित शिकवायचे. ते एकदा त्यांना न्यायला आले तेव्हा पंकजने धीर करून त्यांना हे विचारलं. त्यांनी निवडलेल्या मेथीची पिशवी मुकाट्याने हातात घेतली आणि म्हणाले, "मी साक्ष देणार नाही."

एकदा आमचे प्राचार्य बाहेरगावच्या पाहुण्यांना केंद्र दाखवायला घेऊन आले. आत बघतात तो कायद्याच्या शेवटच्या वर्षाचा अख्खा वर्ग मांडी घालून गवारीच्या शिरा काढतोय. प्राचार्यांचा चेहरा बघण्यासारखा झाला. "मॅडम, हे..." एवढंच बोलले.

"मुलाखतकौशल्य," मॅडम म्हणाल्या, आणि पाहुण्यांतल्या एका वयस्कर गृहस्थांपुढे गवारीची मूठ सरकवली, "घ्या ना सर." ते गृहस्थ भिडेखातर बसले. थोड्या वेळाने ते स्वतःच्या धाकट्या भावाशी गेली कित्येक वर्षं बोलत नाहीत हे सगळ्यांना कळलं होतं, आणि का बोलत नाहीत तेही. निघताना ते मॅडमना नमस्कार करून गेले. प्राचार्यांनी त्यानंतर केंद्राकडे फिरकणं सोडून दिलं.

गुण द्यायची तऱ्हा तर त्याहून वरची. या कामाचे आम्हाला परीक्षेत गुण असायचे, आणि ते मॅडम स्वतः देत नसत. विद्यार्थ्याने अशिलाला सगळं समजावून सांगितलं की त्याला बाहेर काढायच्या आणि अशिलाला विचारायच्या, "काय म्हणाले वकीलसाहेब? मला सांगा जरा." अशिलाला जेवढं सांगता येईल तेवढे गुण. पेठकडचे एक म्हातारे बाबा वारसनोंदीचं विचारायला आले होते. पंकजने त्यांना वारसनोंद, हरकत, अपील, सगळं मुद्देसूद सांगितलं. मी शेजारीच होते, मला तर ते व्याख्यान वाटलं. बाबा माना डोलवत होते. मग मॅडमनी विचारलं, तर बाबा कौतुकाने म्हणाले, "पोरगा लय हुशार हाय बाई. लय वाचलेलं दिसतंय. लगीन झालंय का त्याचं?"

पंकजला त्या दिवशी भोपळा मिळाला. तो रागाने लाल झाला. "मॅडम, त्यांना समजलं नाही ही माझी चूक?"

"मग काय बाबांची?" मॅडम म्हणाल्या. "ते तर पेठहून आलेत. तुम्ही एवढंसं अंतर जाऊ शकला नाहीत त्यांच्याकडे."

पण मॅडमची खरी खासियत म्हणजे सोडायला जाणं. आलेलं माणूस निघालं की त्या हमखास आमच्यापैकी कुणाला तरी म्हणायच्या, "वकीलसाहेब, यांना स्टँडपर्यंत सोडून या." रिक्षा स्टँड रस्त्याच्या पलीकडे, नाक्याच्या पुढे. माणूस म्हणायचा, राहू द्या, जातो मी. मॅडम ऐकायच्या नाहीत. आपल्याकडे पाहुणा उठला तरी निघत नाही, चपला घालून दारात उभं राहिल्यावरच ज्यासाठी आला ते बोलतो. मॅडमनी यावरच सगळी वकिली उभी केली होती. त्या म्हणायच्या, "खुर्चीत बसून माणूस सांगतो ते लोकांनी त्याला सांगायला सांगितलेलं असतं. स्वतःचं असतं ते तो रस्त्याने सांगतो. तुमच्याकडे न बघता." आम्हालाही बजावून ठेवलेलं होतं की वाटेत काही विचारायचं नाही, वही काढायची नाही आणि रिक्षा लगेच मिळाली तर ती सोडून द्यायची.

आता काळ बदलला, अशिलांच्या बुडाखाली स्कूटी आल्या. मॅडमची थोडी पंचाईत झाली. पण त्या हार जाणाऱ्यातल्या नव्हत्या. स्कूटीवाली बाई निघाली की म्हणायच्या, "मला नाक्यापर्यंत सोडता का?" आणि पदर खोचून मागे बसायच्या. नाक्यावर उतरून चालत परत यायच्या तेव्हा त्यांच्याकडे निम्मं प्रकरण असायचं.

मी आज स्वतः वकिली करते. माझ्या ऑफिसात टेबल आहे, चांगलं मोठं आहे, कारण मी मॅडम नाही. पण सोडायला मी जाते. शेजारचे वकील हसतात. हसू देत. सुजाताच्या वेळी मी सोडायला गेले नसते तर काय झालं असतं, हे मला माहीत आहे.

सुजाता हे तिचं खरं नाव नव्हे. वय पस्तिशीच्या आसपास, एकलहऱ्याच्या बाजूला दोन भाड्याच्या खोल्यांत राहायची आणि सिन्नरच्या एमआयडीसीत पॅकिंगला होती. शनिवारी तिला साप्ताहिक सुट्टी, म्हणून ती आमच्याकडे यायची. नवरा चाकणला नोकरीला. तिकडेच त्याने दुसरा संसार मांडला होता. त्यालाही ते लपवायचं नव्हतं आणि हिलाही त्यावर रडायचं नव्हतं. मूलबाळ नव्हतं. परस्पर संमतीने घटस्फोट घ्यायचा हे दोघांचं ठरलेलं होतं. फक्त अटी लिहायच्या आणि दोघांनी सह्या करायच्या. मॅडमनी ते काम पंकजला आणि मला दिलं.

एवढं सोपं प्रकरण मिळाल्याचा आम्हाला आनंद झाला. पोटगीचं, भांड्याकुंड्यांचं, तिच्या दागिन्यांचं, सगळं पंकजने नेटकं लिहिलं. नवऱ्याच्या वकिलांनी फोनवरच मान्य केलं. सुजाताला वाचून दाखवलं, तिने मान हलवली, परत आम्हाला सांगितलंही, अगदी बिनचूक. आणि म्हणाली, "पुढच्या शनवारी करते सही."

पुढच्या शनिवारी आली. "अजून एकदा वाचा ना." वाचलं. "बरोबर हाय. पुढच्या टायमाला करू."

पंकजने तिच्या बाजूने आणखी दोन चांगल्या अटी घातल्या. त्याही मान्य झाल्या. सही नाही. असं होता होता पंकजने हात टेकले. सुजाता पाणी प्यायला माठाकडे गेली तेव्हा तो हळूच मॅडमना म्हणाला, "मॅडम, नवरा सगळं द्यायला तयार आहे. या बाईंना आणखी हवंय तरी काय?"

"विचारलंत का?"

"प्रत्येक वेळी विचारतो. काही अडचण आहे का, म्हणून."

"आणि घरी कोण असतं त्यांच्या?"

  मॅडमचे असले प्रश्न आम्हाला फालतू वाटायचे. ही बाई इथे आली तेव्हा घराला कुलूप लावून आली की घरी कुणी आहे? डबा कोण करतं? पंकजने कागद चाळले. सासू. कागदात सासूचं नाव फक्त पत्त्याच्या ओळीत होतं.

मॅडम माझ्याकडे वळल्या. "वकीलसाहेब, यांना स्टँडपर्यंत सोडून या."

आम्ही निघालो. मी शिकवल्याप्रमाणे तोंड मिटून होते. सुजाता कंपनीतल्या नव्या सुपरवायझरबद्दल बोलली. मग भाजी किती महागली त्याबद्दल. नाक्यावर एक रिकामी रिक्षा आमच्यापाशी येऊन थांबली, मी तिला जा म्हणून हात केला. सुजाता रस्त्याकडे बघत म्हणाली, "ताई, एक विचारू का? येडेपणाचं वाटंल तुम्हाला."

"विचारा ना."

"कागदावर सही झाली, की आई माझ्या कोण लागतील?"

"कुणाची आई?"

"आमच्या आई. म्हंजे त्यांची."

 धीर द्यायला म्हणून खोटं बोलायचं नाही, हा मॅडमचा नियम होता. मी म्हटलं, "कायद्याने... कुणी नाही."

"वाटलंच मला," ती म्हणाली.

मग ती बोलायला लागली. बोलली म्हणजे काय, रस्त्यावरच्या गाड्यांना सांगितल्यासारखं सांगत गेली. नवरा चाकणला गेल्यापासून घरात या दोघीच. कंपनीची बस संध्याकाळी हिला सोडते तेव्हा म्हातारी दुखऱ्या गुडघ्याने दाराशी येऊन उभी असते. उशीर झाला तर शेजाऱ्याच्या फोनवरून फोन करून शिव्या घालते. आपलं माहेर म्हणजे भाऊ-भावजया, ती वर्षातून एकदा जायची जागा. घर म्हणायला ही एक बाई आहे. आणि घटस्फोट झाला की मी आईला चाकणला नेणार, असं नवरा म्हणतो. त्याचंही बरोबर आहे, आई त्याची आहे.

"मग आई काय म्हणतात?"

"मी इचारलं नाय."

"का?"

तिने तेव्हा पहिल्यांदा माझ्याकडे बघितलं. "आन् त्या म्हणल्या, लेकाकडं जाते, मग?"

रिक्षा आली, सुजाता गेली. मी परत येऊन सगळं सांगितलं. मला सांगताना गहिवरून आलं, आणि मी ते लपवलं नाही. पंकजने मात्र कायद्याचं पुस्तक उघडलं. मुलांचा ताबा सापडला, दागिन्यांचा ताबा सापडला, घरात राहायचा हक्क सापडला. "सासूचा ताबा असं काही दिसत नाही," तो अगदी गंभीरपणे म्हणाला, आणि सगळा वर्ग हसला. मॅडम हसल्या नाहीत.

"कायद्यात नाही म्हणून त्या बाईंनी इतके दिवस तोंडातून काढलं नाही," त्या म्हणाल्या. "आणि तुम्हाला कायदा पाठ म्हणून तुम्ही विचारलं नाही. दोघांचं एकच झालं." मग म्हणाल्या, "पण या संमतीच्या अटी आहेत ना? दोघांना मान्य असेल आणि गैर नसेल ते त्यात लिहिता येतं. काय लिहाल?"

पंकज बराच वेळ पेन चावत बसला. शेवटी म्हणाला, "मुलांच्या बाबतीत भेटीची अट असते. ठरलेल्या वारी आई किंवा वडील भेटू शकतात. तशी लिहिली तर? सुजाताताई सासूबाईंना भेटू शकतील, नवरा आडकाठी करणार नाही."

मॅडम स्टुलावरून उठल्या आणि त्यांनी पंकजची पाठ थोपटली. मी त्यांना असं करताना आधी पाहिलं नव्हतं. "लिहा," म्हणाल्या. "त्यांची सुट्टी शनिवारी असते. एकाआड एक शनिवार लिहा."

सुजाताला ते वाचून दाखवलं तेव्हा तिने ती अट परत एकदा वाचायला लावली. मग म्हणाली, "असं ल्हिता येतं?" आणि सहीला तयार झाली. एवढ्यावर तिचं समाधान झालं हे बघून मला तिचा राग आला आणि कीवही आली. महिन्यातून दोनदा चाकणला जाऊन, सवतीच्या घरात बसून, सासूला भेटून यायचं. तेवढंही आपल्याला कुणी देईल असं तिला वाटलं नव्हतं.

दोन्ही बाजूंनी बसून अटी पक्क्या करायच्या म्हणून एक शनिवार ठरला. नवरा रजा टाकून आला. संदीप म्हणू या त्याला. अंगाने दणकट, पण आत येताना दारातच घुटमळला. बरोबर त्याचे वकील, घड्याळ बघत. संदीप येताना एक छोटा टेम्पो घेऊन आला होता, कारण सह्या झाल्या की तसाच एकलहऱ्याला जाऊन आईचं सामान भरायचं आणि तिला घेऊनच जायचं असं त्याने ठरवलं होतं. आईलाही त्याने बरोबर आणलं होतं. ती बाहेर पायरीवर बसली होती, कारण ती कुणाची पक्षकार नव्हती.

मॅडमना हे कळताच त्या स्वतः बाहेर गेल्या आणि म्हातारीला हाताला धरून आत घेऊन आल्या. हाताची खुर्ची तिला दिली. म्हातारी बसली. सुजाता समोरच होती, पण दोघींनी एकमेकींकडे बघितलं नाही.

मॅडमची रीत अशी, की अटी मोठ्याने आणि साध्या मराठीत वाचायच्या. पंकज वाचत गेला. पोटगी. भांडी. दागिने. दोन्ही बाजू हो हो म्हणत होत्या. मग शेवटची अट आली. घटस्फोटानंतर सुजाता हिला संदीपच्या आईला एकाआड एक शनिवारी भेटता येईल, आणि संदीप त्याला हरकत घेणार नाही.

संदीपचे वकील हसले. "मॅडम, हे काय? सासूच्या भेटीचा हक्क? कोर्ट काय म्हणेल?"

"कोर्टाला सासू नसते का?" मॅडम म्हणाल्या.

संदीप हसला नाही. तो सुजाताकडे बघत राहिला. "तुला भेटायचंय आईला?" त्याने विचारलं. मग म्हणाला, "भेटू दे ना साहेब. ल्ह्या. माझी काय हरकत नाय."

झालं. सगळं मान्य. पंकजने सुजातापुढे पेन धरलं. तिने ते घेतलं.

"थांबा वो बाई."

म्हातारी बोलली होती. आवाज काही मोठा नव्हता, पण सगळे थांबले.

"ही मला भेटायला यील, म्हंजे मी कुठं असंन?"

"चाकणला, आई," संदीप म्हणाला. "माझ्याकडं. सांगितलं ना तुला."

"सांगितलंस. इचारलं कुठं?" म्हातारीने खुर्चीचे हात धरले आणि नीट वळून मॅडमकडे बघितलं. "तुम्ही एवढ्या शिकलेल्या बाया-माणसं. हिला इचारलं, ह्याला इचारलं. मी काय सामान हाय का, टेम्पोत घालून न्यायला?"

 मी मॅडमकडे बघितलं. आम्हाला उठता-बसता विचारा, विचारा म्हणणाऱ्या मॅडम. त्या स्टुलावर ताठ बसल्या होत्या आणि त्यांचा चेहरा उतरला होता. मग त्यांनी आम्हा सगळ्यांसमोर, त्या घड्याळवाल्या वकिलांसमोर, स्वतःचे दोन्ही कान पकडले.

"चुकलंच आई," त्या म्हणाल्या. "आता विचारते. तुम्हाला कुठे राहायचंय?"

सुजाताने मान खाली घातली होती.  ज्या उत्तराच्या भीतीने तिने इतके शनिवार सही केली नव्हती, ते आता येणार होतं.

"मी हिच्याकडंच राहीन," म्हातारी म्हणाली. "ह्यो माझा ल्योक हाय, ह्याला मी टाकत नाय. पर माझं घर इथं हाय. शनवार-बिनवार जे काय ल्हिलंय ना, ते ह्याच्या नावावर करा. ह्यानं यावं मला भेटायला."

सुजाताच्या तोंडून एक हुंदका फुटला आणि तिने पदर तोंडात कोंबला. संदीपचे वकील काहीतरी बोलायला लागले, पण संदीपने त्यांच्या हातावर हात ठेवला. तो आईकडे वळला. एवढा दणकट माणूस, शाळेत उभं केलेल्या मुलासारखा हात मागे घेऊन उभा राहिला.

"आई," तो म्हणाला, "शनवारी मला सुट्टी नसती. चाकणला गुरुवारी असती. गुरुवार चालंल का?"

म्हातारीने त्याला खालपासून वरपर्यंत बघितलं.

"गुरुवारीच ये," ती म्हणाली. "ही कामावर असती. तुझ्यापुरतं मी करीन काहीतरी."

मॅडमनी पंकजच्या हातातला कागद घेतला, अटीतल्या नावांची अदलाबदल केली, शनिवार खोडला आणि त्यावर स्वतःच्या अक्षरात गुरुवार लिहिलं.